कप कुणाचा? ॲलन सिलिटो वाचताना

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग चालायचा. दहा-पंधरा पोरं जमायची. कुणी कॉलेजात, कुणी रात्रशाळेत, कुणी नुसतंच नाक्यावर. मी बँकेत कारकून. इंग्रजी वाचतो म्हणून पुस्तकं सांगायचं काम माझ्याकडे. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे त्या काळात मी तिथून एक फाटकं पुस्तक आणलं होतं. ॲलन सिलिटोचं ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’. त्यातली पहिली मोठी गोष्ट मी एका रविवारी पोरांना सांगितली. तुरुंगातला एक पोरगा शर्यत जिंकत असतानाच रेषेपाशी थांबतो, आणि साहेबाला कप मिळू देत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं.

त्या पोरांत एकजण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. हुशार. वर्गात पहिला यायचा. त्याच्या कॉलेजने त्याचा फोटो माहितीपत्रकात छापला होता, खाली ‘आमचा मागासवर्गीय विद्यार्थी’ असं लिहून. त्याच वेळी त्याची स्कॉलरशिप आठ महिने ऑफिसात अडकून पडली होती आणि फी भरली नाही म्हणून त्याचं नाव बोर्डावर लागलं होतं. त्याने काय केलं, तर शेवटच्या परीक्षेत नंबर टाकला, सही केली, आणि कोरा पेपर देऊन बाहेर आला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, “दादा, मी रेषेवर थांबलो.”

खरं सांगतो, मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

दोन वर्षांनी पहाटेच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघालो होतो. रस्त्यावर हातगाडी, झाडू, पत्र्याचे डबे. तोच होता. बाप सफाई खात्यात होता, बापाच्या जागेवर वारस म्हणून लागला होता. चहा पिताना त्याने मला एकच गोष्ट विचारली. “दादा, त्या स्मिथचं पुढं काय झालं?”

मी ते सांगितलंच नव्हतं. गोष्ट रेषेवर संपत नाही, पुढे दीड-दोन पानं आहेत. ती मी वाचली होती, पण भाषणाला सोयीची नव्हती म्हणून सोडून दिली होती. हा लेख त्या सोडलेल्या पानांसाठी आहे.

आधी हा सिलिटो कोण ते सांगतो. जन्म ४ मार्च १९२८, नॉटिंगहॅम. बाप चामड्याच्या कारखान्यात वगैरे मिळेल ते काम करणारा, बराच काळ बेकार, आणि निरक्षर. भाडं थकलं की रातोरात बिऱ्हाड हलवायचं, असं बालपण. इंग्लंडात अकराव्या वर्षी एक परीक्षा असायची. पास झाला तर चांगल्या शाळेत, नापास झाला तर कारखान्याच्या वाटेने. सिलिटो दोनदा नापास झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि रॅले सायकलच्या कारखान्यात गेला, पुढे लेथवर उभा राहिला. मग विमानदलात वायरलेसवाला म्हणून मलायात. परत येताना छातीत टी.बी. निघाला. दीडेक वर्ष हॉस्पिटलच्या खाटेवर काढलं. तिथे तो वाचायला लागला. हाताला लागेल ते वाचलं आणि लिहायला सुरुवात केली. आजारपणाची पेन्शन होती तिच्यावर फ्रान्स-स्पेनकडे जाऊन राहिला. रॉबर्ट ग्रेव्ह्ज हा कवी तिथे माजोर्का बेटावर राहत होता, त्याने सांगितलं की तुला जे ठाऊक आहे ते नॉटिंगहॅम लिही. १९५८ ला ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ आली. त्याआधी काही प्रकाशकांनी ती परत पाठवली होती. १९५९ ला ‘रनर’ आलं. दोन्हींवर सिनेमे निघाले, १९६० आणि १९६२ साली. पुढे पन्नासेक वर्षं लिहीत राहिला आणि २०१० साली लंडनमध्ये वारला.

त्या काळात इंग्लंडात ‘अँग्री यंग मेन’ म्हणून लेखकांची एक टोळी गाजत होती. वर्तमानपत्रांनी सिलिटोलाही तिच्यात ढकललं. त्याला ते लेबल मान्य नव्हतं. आपल्या कवींनाही हे लेबल चिकटवताना मी ऐकलंय. चिकटवणारे प्राध्यापक फरक बघत नाहीत. जॉन ब्रेनच्या ‘रूम ॲट द टॉप’मधला (१९५७) जो लॅम्प्टन हा खालच्या वर्गातला पोरगा. त्याचा राग कशाबद्दल? तर आपण वर नाही याबद्दल. गिरणीमालकाच्या पोरीशी लग्न करून तो वर जातो, जिच्यावर प्रेम होतं तिला टाकतो, आणि राग संपतो. आपल्यातही असे लॅम्प्टन आहेत. सोसायटीत फ्लॅट घेतल्यावर दारावरची पाटी बदलणारे, आडनाव बदलणारे. सिलिटोच्या माणसाला वर जायचंच नाही. वरच्याची खुर्ची नको, आणि वरच्याची शाबासकी तर त्याहून नको. म्हणून मला तो त्या टोळीतला वाटत नाही.

आता ‘रनर’. स्मिथ हा गरीब घरचा पोरगा. बाप कारखान्यात राबून घशाच्या कॅन्सरने मेला. मेल्यावर घरात पाचशे पौंड आले. बाप जिवंत असताना इतका पैसा त्या घराने कधी पाहिला नव्हता. आईने पोरांना चांगलंचुंगलं खायला घातलं, कपडे घेतले, टीव्ही आणला. टीव्हीवर पुढारी भाषणाला आला की स्मिथ आणि त्याचा दोस्त आवाज बंद करायचे आणि नुसते हलणारे ओठ बघून पोट धरून हसायचे. एवढ्या एका प्रसंगात पुढारी, सरकार, सगळं राजकारण आलं. पैसे संपतात. स्मिथ दोस्ताबरोबर एका बेकरीतली पैशाची पेटी मारतो. नोटा दाराजवळच्या पावसाच्या नळात लपवतो. पोलीस चौकशीला येतो, दारात उभा राहतो, आणि धो-धो पावसात त्याच्या पायाशी नळातून नोटा वाहत येतात. स्मिथ बोर्स्टलमध्ये जातो.

बोर्स्टल म्हणजे बाल गुन्हेगारांचा तुरुंग, सुधारण्यासाठीचा. केंट परगण्यातल्या एका गावावरून हे नाव पडलं. हा शब्द आपल्याला परका नाही. मुंबई इलाख्यात १९२९ ला बोर्स्टल शाळांचा कायदाच झाला होता. इंग्लंडने ही पद्धत १९८२ च्या कायद्याने मोडीत काढली.

या बोर्स्टलचा गव्हर्नर सभ्य माणूस आहे. मारत नाही, शिव्या देत नाही. स्मिथ पळायला चांगला म्हणून त्याला पहाटे एकट्याला रानात पळायला सोडतो. तू आमच्याशी प्रामाणिक राहा, आम्ही तुझ्याशी राहू, असा त्याचा सूर. त्याला सगळ्या बोर्स्टलांच्या शर्यतीचा कप पाहिजे. पहाटे उपाशीपोटी, गारठलेल्या रानात पळताना स्मिथ विचार करतो, आणि सगळी गोष्ट त्या विचारांची आहे. त्याच्या हिशोबाने जगात दोन जातीची माणसं, कायद्याच्या आतली आणि कायद्याच्या बाहेरची. ‘प्रामाणिक’ हा शब्द दोघांच्या तोंडात एक अर्थाचा नाही. गव्हर्नरच्या तोंडी त्याचा अर्थ, माझ्या सोयीने वाग. स्मिथच्या दृष्टीने प्रामाणिक म्हणजे आपण कुठल्या बाजूचे ते न विसरणं.

मित्रांनो, हे वाचलं तेव्हा मला माझे शाळेतले मास्तर आठवले. “तू त्यांच्यातला असून किती स्वच्छ राहतोस,” असं ते मला कौतुकाने म्हणायचे. मी लाजून हसायचो. त्या ‘स्वच्छ’ शब्दात माझी आई घाण ठरत होती हे कळायला मला वीस वर्षं लागली. गुणी, होतकरू, प्रामाणिक, समंजस. हे शब्द कुणी पाडले, कुणाच्या टांकसाळीत पाडले, हे विचारायला सिलिटो शिकवतो. त्याचं मोठेपण मी इथे मानतो.

दुसरं मोठेपण भाषेचं. ‘सॅटरडे नाइट’मध्ये आर्थर सीटन बोलतो नॉटिंगहॅमच्या बोलीत, पण त्याची कहाणी सांगणारा लेखक बऱ्याचदा शुद्ध इंग्रजीत सांगतो. मधे दुभाषा उभा आहे. ‘रनर’मध्ये दुभाषा हाकलला. स्मिथ स्वतःच सांगतो, शिव्यांसकट, दम लागल्यासारख्या लांबच लांब वाक्यांत. पळणाऱ्याचा श्वास वाक्यात ऐकू येतो. आपल्याकडे कवितेत आणि आत्मकथनात हेच झालं. आपली बोली अवतरणचिन्हाच्या पिंजऱ्यात होती ती बाहेर आली. ज्यांना अजून वाटतं की निवेदन पुस्तकी मराठीत आणि बोली फक्त आजीच्या तोंडी, त्यांनी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.

आता आर्थर सीटनकडे येतो. वय एकवीस-बावीस, सायकल कारखान्यात लेथवर. मजुरी नगावर. सिलिटो स्वतः उभा होता म्हणून त्याला आतली गोम माहीत आहे. जास्त नग काढले तर रेट ठरवणारा येऊन मागे उभा राहतो आणि रेट कमी करतो. म्हणून आर्थर हिशोबाने काढतो. हात चालू ठेवायचा, डोकं दुसरीकडे. मालक त्याचे हात विकत घेतो, डोकं नाही. आठवड्याला चौदा पौंडांच्या आसपास घरी आणतो. लढाईआधीच्या बेकारीत बाप पिचला होता, त्या मानाने ही चैनच. शनिवारी पितो, मारामारी करतो, जिन्यावरून गडगडतो. सरकार, टॅक्स, फौज, फोरमन, सगळ्यांना शिव्या. पण सोमवारी सकाळी लेथवर हजर.

इथे माझं भांडण सुरू होतं. आर्थरचा विद्रोह शनिवारी रात्री उगवतो आणि रविवारी दुपारी गळाला लागलेल्या माशासारखा तडफडतो. शेवटच्या प्रकरणात तो खरंच मासे धरत बसलाय, लग्न ठरलंय, आणि आपणही गळाला लागलो हे त्याला कळतंय. सिलिटो प्रामाणिक आहे, त्याने खोटी क्रांती दाखवली नाही. पण आपल्या काही पोरांनी आर्थरचा फक्त शनिवार उचलला. दारू आणि शिवी म्हणजेच विद्रोह, असं मानणारे कवी मी जवळून पाहिलेत. सोमवारी तेही ऑफिसात साहेबाला सलाम ठोकत होते.

आणि बाया? आर्थरच्या विद्रोहाची किंमत कोण देतं? ब्रेन्डा, त्याच्या सहकाऱ्याची बायको. तिला दिवस जातात. एक बाई तिला कढत पाण्याच्या टबात बसवते, जिन पाजते. आर्थर बाजूला बसून बघतो. त्याच रात्री तो ब्रेन्डाच्या बहिणीबरोबर असतो. पुस्तकात गर्भ पडतो. सिनेमा काढताना सेन्सॉरला ते खपलं नाही, तिथे उपाय फसल्याचं दाखवलं. सेन्सॉरला नीतीची काळजी होती, ब्रेन्डाची नव्हती. पण आर्थरलाही नव्हती, आणि सिलिटोसुद्धा फार वेळ तिच्याजवळ थांबत नाही. व्यवस्थेवर थुंकणारा घरी येऊन बाईवर थुंकतो, हे आपल्यात नाही असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

याच कादंबरीत ख्रिसमसला आर्थरच्या मावशीच्या घरी सॅम नावाचा काळा सैनिक पाहुणा येतो. आफ्रिकेतला. घर त्याला जेवू घालतं, आणि त्याच्यावर विनोदही करतं. सिलिटोने हे बरोबर टिपलंय, पण पुढे नेलं नाही. कादंबरी बाहेर आली ते साल १९५८. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमच्या सेंट ॲन्स भागात गोऱ्या जमावाची आणि वेस्ट इंडियन लोकांची दंगल झाली, आणि पाठोपाठ लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये. म्हणजे आर्थरच्याच गावात, आर्थरसारखेच कामगार आणि तसेच पब. मालकाविरुद्ध एक न होणारे हात काळ्या माणसाविरुद्ध एक झाले.

आपल्याला याचं नवल वाटू नये. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धाग्याला तोंड लावावं लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. १९३६ साली त्यांनी लिहूनच ठेवलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे. आर्थर लेथवरून उतरला, हातपाय धुतले, सूट चढवला की शनिवारी रात्री तो फक्त एक तरणाबांड गोरा पुरुष. सॅमला रंग धुता येत नाही. आपल्याला आडनाव धुता येत नाही. वर्गाची कादंबरी आपल्याला इथपर्यंत आणून सोडते. पुढची आपल्याला लिहायची आहे.

आता ती सोडलेली पानं.

शर्यतीच्या दिवशी बडे लोक आणि त्यांच्या बाया स्टँडमध्ये बसल्यात. स्मिथ पळतो. शेवटच्या टप्प्यात त्याला बाप आठवतो. डॉक्टरांना हाकलून देऊन, घरात, रक्त ओकून मेलेला बाप. कुणाच्या दयेवर न मेलेला. स्मिथ रेषेजवळ येतो आणि थांबतो. दुसऱ्या बोर्स्टलचा पोरगा मागून येऊन जिंकतो. माझं भाषण इथे संपलं होतं.

पुढे असं आहे. राहिलेले सहा महिने गव्हर्नर त्याच्यावर सूड उगवतो. सकाळी मुदपाकखान्यातले उष्ट्या-खरकट्याचे डबे उचलून बागेच्या टोकाला रिकामे करायचे. दुपारी ते खरकटं भाजीच्या वाफ्यांत पसरायचं. संध्याकाळी फरशा घासायच्या. मैलन्‌मैल फरशा. सुटल्यावर त्याला छातीचा रोग निघतो. तो पुन्हा चोरी करतो, यावेळी मोठी. आणि ही सगळी हकीकत लिहून एका दोस्ताकडे ठेवतो. मी पुन्हा पकडला गेलो तर याचं पुस्तक कर, म्हणून.

मित्रांनो, इंग्लंडच्या कादंबरीकाराला सगळ्यात मोठी शिक्षा कुठली सुचली? कचऱ्याचे डबे. स्मिथला ती सहा महिन्यांची होती, गुन्ह्याबद्दल. आमच्या पोराला ती जन्माने होती. बापाकडून त्याच्याकडे आली. कोरा पेपर देऊन तो बंड करून कुठे गेला? व्यवस्थेने त्याच्यासाठी आधीच राखून ठेवलेल्या जागेवर. आणि त्या कॉलेजचं काय बिघडलं? पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात दुसऱ्या पोराचा फोटो.

माझी चूक नीट समजून घ्यायला मला वेळ लागला. स्मिथची शर्यत गव्हर्नरची होती. मैदान त्याचं, कप त्याचा. स्मिथ तिथे हरला तर स्मिथच्या लोकांचं काहीच गेलं नाही. पण आमचा पोरगा ज्या बाकावर बसला होता तो बाक कॉलेजने दान दिलेला नव्हता. त्या बाकासाठी माणसं मेलीत, बाबासाहेबांनी आयुष्य घातलंय. फोटो त्यांचा होता, बाक आपला होता. तो फोटो फाडायला पाहिजे होता. अडकलेल्या स्कॉलरशिपसाठी वीस पोरांनी ऑफिसासमोर बसायला पाहिजे होतं, आणि मी त्यांच्याबरोबर. त्याऐवजी त्याने एकट्याने पेपर कोरा सोडला आणि मी पाठ थोपटली.

सिलिटोच्या पुस्तकाचं नावच एकटेपणाचं आहे. त्याचा नकार खरा आहे, पण एकट्याचा आहे. १९५९ सालीच आपल्याकडे अण्णा भाऊंची ‘फकिरा’ आली. फकिराही कायद्याबाहेरचा, तोही लुटतो. पण तो धान्य लुटतो उपाशी मांगवाड्यासाठी. त्याच्यामागे माणसं आहेत, आणि शेवटी स्वतःला हवाली करतो तोही त्या माणसांसाठी. स्मिथच्या लुटीतलं कुणाच्या पोटात गेलं? दोन्ही पुस्तकं वर्गात एकत्र सांगायला पाहिजे होती. मी एकच सांगितलं, तेही अर्धं.

आणखी एक. स्मिथ रेषेवर थांबला, पण त्याला लिहिणारा सिलिटो थांबला नाही. अकराव्या वर्षी दोनदा नापास केलेला हा माणूस टी.बी.च्या खाटेवर पुस्तकांमागून पुस्तकं वाचत होता. त्याने पेपर कोरा दिला नाही, भरून दिला, आणि आपल्या भाषेत भरून दिला. त्याची ‘की टू द डोअर’ (१९६१) वाचा. आर्थरचा मोठा भाऊ ब्रायन मलायात गोऱ्या साम्राज्याची बंदूक घेऊन जंगलात आहे. हातात सापडलेल्या कम्युनिस्ट बंडखोराला तो सोडून देतो. तिथल्या नकारामुळे दुसऱ्या एका माणसाचा जीव वाचतो. पुढे सोव्हिएत रशियाने सिलिटोला कामगारांचा लेखक म्हणून डोक्यावर घेतलं. १९६८ साली तिथल्या लेखक संघाच्या अधिवेशनात बोलायला बोलावलं, तर त्याने तिथेच उभं राहून तिथल्या गळचेपीवर बोट ठेवलं. यजमानाचा कप त्याने घेतला नाही. पण माईक हातात होता तो वापरला. पुरस्कार, महामंडळं, साहित्य संमेलनं यांच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या लेखकांनी हे लक्षात ठेवावं.

तेव्हा सिलिटो वाचा. जरूर वाचा. पण मित्रांनो, प्रत्येक शर्यतीत आधी विचारा, मैदान कुणाचं आणि कप कुणाचा. मैदान त्यांचं असेल तर स्मिथसारखे थांबा. आपल्या लोकांनी झगडून मिळवलेलं असेल तर पळा, रेष ओलांडा, आणि कप मागायला साहेब आला तर त्याला हात हलवत परत पाठवा. २० मार्च १९२७ ला महाडला लोक चवदार तळ्याकडे निघाले ते मिळून निघाले. ती पहिल्या-दुसऱ्या नंबराची शर्यत नव्हती.

त्या पोराला मी ती पानं वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे त्या दिवशीच सांगायचं होतं, दादा.” यंदा त्याने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरलाय. पहाटेची पाळी संपवून तो माझ्याकडे अभ्यासाला बसतो. सफाई खात्यातली आणखी दोन पोरं त्याच्याबरोबर येतात. रविवारचा वर्ग पुन्हा सुरू केलाय. आता पुस्तक सांगताना शेवटचं पान आधी वाचतो.

जयभीम.